गटाची सकाळ

मार्गशीर्ष सरत आला की पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे फलक सातारा–पंढरपूर रस्त्याला झळकू लागतात, आणि आमच्या घरात दरवर्षीचा वाद सुरू होतो. बैलगाडीच्या मैदानाला जायचं कधी? पाहुणेमंडळी म्हणतात, दुपारी जेवून निघू, सेमी आणि फायनल बघू, अंधार पडायच्या आत घरी. माझं म्हणणं उलटं असतं. मित्रांबरोबर जायचं तर दुपारी जा. घरची बायकामाणसं आणि पोरं बरोबर असतील तर पहाटे निघा, कोरेगाव सोडून वर्धनगडाचा घाट उजाडताना चढा आणि गटाच्या फेऱ्यांना हजर राहा. सगळ्या दिवसात शर्यत समजते ती त्या चार-पाच तासांत.

'गट' म्हणजे काय ते सांगतो, कारण सातारा-सांगलीबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक असेलच असं नाही. आपल्याकडच्या मैदानात गाड्या शेजारी शेजारी पळतात. रानात सरळ, समांतर पट्टे आखलेले असतात. त्या पट्ट्याला म्हणतात तास. नांगराची जी सरळ रेघ पडते तोच हा शब्द, शेतातून उचलून मैदानात आणलेला. एका वेळी साधारण सहा-सात गाड्या सुटतात, ज्याच्या त्याच्या तासावरून. हा झाला एक गट. कुठली गाडी कुठल्या गटात आणि कुठल्या तासावर, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. गटात जी पहिली आली ती सेमीला, सेमीत जी पहिली आली ती फायनलला. दुसऱ्या नंबराला पुढची वाट नाही.

समजा सात तासांचं मैदान आहे आणि नोंद झाली ३४३ गाड्यांची. सात गुणिले सात गुणिले सात. मग गट होतील ४९, सेमी होतील ७ आणि फायनल १. दिवसभरात एकूण ५७ वेळा गाड्या सुटतील. दुपारी येणारा माणूस त्यांतल्या आठ बघतो. उरलेल्या ४९ त्याच्या येण्याआधी होऊन गेलेल्या असतात आणि ३४३ पैकी २९४ गाड्या टेम्पोत चढून घरच्या वाटेला लागलेल्या असतात. खरी मैदानं इतकी नेमकी जुळत नाहीत, एखादा गट पाचाचा होतो, एखादा सहाचा, पण हिशेबाचा तोंडवळा हाच राहतो. शर्यतीचा फार मोठा भाग सकाळीच उरकतो.

मोटारींच्या शर्यतीतही हीच गोष्ट आहे, फक्त तिथे त्या दिवसाला वेगळं नाव आहे. २०११ च्या ऑक्टोबरात दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. रविवारी ३० तारखेला मुख्य शर्यत होती. पण कुणी कुठून सुटायचं ते आदल्या दिवशी, शनिवारी ठरलं. त्याला क्वालिफाइंग म्हणतात. सेबास्टियन वेटेलनं पाच किलोमीटरहून थोडी मोठी असलेली ती फेरी १ मिनिट २४.१७८ सेकंदांत पुरी केली आणि पहिली जागा पटकावली. २००६ पासून फॉर्म्युला वनमध्ये तीन टप्प्यांची चाळण आहे. वीस गाड्या असताना पहिल्या टप्प्यात शेवटचे पाच गळायचे, दुसऱ्यात आणखी पाच, आणि उरलेल्या दहांत पहिल्या जागेसाठी चुरस व्हायची. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला याहून जुनी रीत आहे. तिथे गाडी मैदानात एकटी उतरते, सलग चार फेऱ्या मारते आणि त्या चारांचा सरासरी वेग मोजतात. जागा ३३. एखादी नवी गाडी जास्त वेग काढून गेली की यादीतली सर्वांत हळू गाडी बाहेर पडते. त्या दिवसांना तिथे लोक मुलाबाळांना घेऊन जातात, कारण मुख्य शर्यतीची रेटारेटी नसते आणि एकेक गाडी नीट बघता येते.

गाडी एकटी पळवून घड्याळाशी लावायची ही रीत आपल्याकडेही आहे, सातारची हद्द ओलांडून पुणे जिल्ह्यात गेलं की. खेड, आंबेगाव, जुन्नर या भागात शर्यत भरते ती 'घाटा'त, म्हणजे चढावाच्या पट्ट्यावर. गाड्याला चार बैल, पुढे घोडी, आणि एका वेळी एकच गाडा. त्या धावेला बारी म्हणतात. निशाण पडतं, घड्याळ चालू होतं, आणि सेकंदांवरून नंबर लागतात. सर्वांत कमी वेळात घाट चढणारा तो 'घाटाचा राजा'. विदर्भातल्या शंकरपटातही जोड्या वेळेवरच मोजतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यासाठी नावाजलेला आहे, आणि तिथे बायकाही जोडी हाकतात.

दोन्ही रीतींत मला एक फरक फार मोठा वाटतो. घड्याळावर मोजलं तर चिठ्ठीचं दैव उरत नाही. सगळ्यांत वेगवान जो, तो पहिला. त्याच्या मागचा, तो दुसरा. आपल्या गटपद्धतीत मात्र चिठ्ठी उलटी पडली तर मैदानातल्या पहिल्या दोन गाड्या सकाळी आठलाच एकमेकींसमोर येतात. वरच्याच ३४३ गाड्यांचा हिशेब पुढे नेतो. कुणाचीही चूक झाली नाही असं धरलं, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या ताकदीची गाडी फायनलपर्यंत न पोचण्याची शक्यता साधारण सातांत एक इतकी निघते, कारण उरलेल्या ३४२ जागांपैकी ४८ जागा पहिल्या गाडीच्या गटात किंवा सेमीत असतात. म्हणून आपल्याकडचे जाणते लोक नुसत्या निकालावर बैलाचं माप काढत नाहीत. 'गटात कुणाबरोबर पळाला?' हे आधी विचारतात. ते उत्तर फक्त सकाळी मैदानात उभं राहिलेल्याला देता येतं.

तरीही मला सातारची रीत जास्त आवडते. सात गाड्या एका ओळीत उभ्या राहतात तेव्हा लहान मुलालासुद्धा काही समजावून सांगावं लागत नाही. जो पुढे तो पुढे.

गाड्या सुटतात ती जागा जवळून बघण्यासारखी असते. गाडी म्हणजे शेतातली बैलगाडी नव्हे. हलका छकडा, एकट्या माणसानं दांडी धरून फिरवावा असा. त्यात मागे चालक, आणि बैलांच्या तोंडाशी एकदोन माणसं, त्यांना रोखून धरणारी. या माणसाला मैदानात 'सुट्टी मेकर' म्हणतात. शब्द अर्धा आपला, अर्धा बाहेरचा आहे, पण काम पूर्ण जोखमीचं. झेंडा पडण्याआधी सोडलं तर गाडी बाद होण्याची भीती, आणि एक श्वास उशिरा सोडलं तर गट तिथेच गेला. बैल थांबायला तयार नसतात. मान वर, डोळे पांढरे, खूर मातीत रुतलेले. निवेदक माईकवरून तास नंबर आणि गावांची नावं घेत असतो, आणि मधेच त्याचा आवाज चढतो, कारण झेंडा पडलेला असतो. पुढचा सगळा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपतो. आपला तास सोडून गाडी दुसऱ्याच्या तासात शिरली की ती फॉल. निशाणाजवळ, म्हणजे शेवटच्या रेषेशी, दोन जू बरोबरीनं आली तर आता कॅमेऱ्यातलं चित्र थांबवून निकाल देतात, आणि तेवढा वेळ हजारो माणसं गप्प असतात.

या खेळात जोडी जुळवण्याला म्हणतात पैरा. शेतीच्या कामात तुझे बैल माझ्या रानात, माझे तुझ्या रानात असा जो पैरा चालतो, तोच शब्द. एका गावचा बैल आणि दुसऱ्या गावचा बैल एका जुवाला येतात. उजव्या खांद्याला चालणारा डाव्याला चालेलच असं नाही, आणि दोघांची झेप जुळली नाही तर एकट्याचा जोर वाया जातो. २०२३ च्या एप्रिलमध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होतं. ती जिंकली बकासूर आणि महिब्या या जोडीनं. लोक आजही या दोघांची नावं एका दमात घेतात.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण ही सकाळ मला तिच्यामुळे कळली. तिचं माहेर आटपाडीकडचं. खिल्लार जनावर म्हणजे काय ते तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या कोरड्या टापूत ही जात घडली. पांढरं अंग, काटक पाय, मागे धनुष्यासारखी वळत गेलेली लांब शिंगं. पांढऱ्या केसांखाली काळसर कातडी असते, ती या उन्हाला धरून आहे. कमी चाऱ्यावर आणि कमी पाण्यावर निभावणारं आणि पायाला चपळ. खरसुंडीच्या यात्रेतल्या बाजारातून आजोबांनी आणलेली खोंडं आईनं लहानपणी वाढवली, त्यांना कडबा घातला, शेण काढलं. पण त्या बैलांना पळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. मैदानाला बायका जात नसत. बैल गुलाल घेऊन दारात आला की ओवाळायचं, एवढंच तिच्या वाट्याला.

मग बंदी आली. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं खेळासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, ती कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकानं बैल तपासावा लागतो, चाबूक, काठी, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बंदीचा काळ आमच्या भागानं सोसला हे खरं आहे. पण त्याआधी मैदानात शेपट्या पिरगाळलेल्या आणि खिळे टोचलेले मीही पाहिलेत, आणि ते आठवलं की नियम आले याचं बरंच वाटतं. घरच्यांना घेऊन जावं असं मैदान या नियमांनंतर झालं. आईला मी नेलं ते त्यानंतरच. तिचं वय तेव्हा बहात्तर होतं.

पहाटे पोचलो तेव्हा बैल अजून रानात बांधलेले होते. थंडी मरणाची होती. अंगावर झुली, नाकातून वाफ, आणि शेजारी घोंगडी पांघरून बसलेली माणसं. हा तास, म्हणजे घड्याळातला, सगळ्यांत मोलाचा. एकदा गट सुरू झाले की मालकाला बोलायला उसंत नसते. त्या वेळी मात्र अदबीनं विचारलं तर कुणीही सांगतं. माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं एका म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, याचं वय कसं कळतं?" त्यांनी बैलाचा खालचा ओठ अलगद दुमडला.

"हे बघ बाळा. वरच्या अंगाला म्होरं दातच न्हाईत. हाईत का? न्हाईत. समदं खाली. आठ. ही बारकी बारकी हाईत ती दुधाची. एक बी पडला न्हाई, म्हंजे आदत. मधलं दोन पडून मोठं आलं की दुसा. मग चार आलं की चौसा."

लेकीनं बोटानं मोजले. आठही दुधाचे होते. मग तिनं आपल्या तोंडातला पडलेला दात दाखवला, आणि आबा म्हणाले, "म्हंजे तू दुसा झालीस की."

गोवंशाला पुढच्या बाजूला वरचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. खालची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांला बदलते आणि आठही दात बदलून तोंड जुळायला साडेचार-पाच वर्षं जातात. मैदानात याला फार किंमत आहे, कारण 'आदत'ची मैदानं वेगळी भरतात. तिथे वयाचा दाखला म्हणजे दात. शाळेच्या पुस्तकात हा धडा असता तर लेकीनं तो आठवडाभरात विसरून टाकला असता. आता ती गावातल्या प्रत्येक खोंडाच्या तोंडाकडे बघते.

उभं कुठे राहायचं, हे मी प्रत्येकाला सांगतो. निशाणाच्या पलीकडे कधीही नाही. सगळ्यांना तीच जागा हवी असते, कारण निकाल तिथे दिसतो. पण छकड्याला ब्रेक नसतो. भर वेगात आलेली जोडी निशाण ओलांडल्यावर रानात कितीतरी पुढे जाऊन थांबते, आणि कुठे वळेल ते चालकाच्याही हातात राहत नाही. एका गावच्या मैदानात एक जोडी दोरखंड तोडून माणसांत शिरताना मी पाहिलीय. आम्ही पंचवीस पावलांवर होतो. त्यानंतर मी धावपट्टीच्या मध्यावर, अडथळ्याच्या मागे आणि शक्यतो थोड्या उंचवट्यावर जागा धरतो. तिथून सुटलेली झेपही दिसते आणि अंतिम ओढही.

दुसरं, शिट्ट्या आणि भोंगे घरी ठेवा. बैलाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. समोरचं, बाजूचं आणि मागचंही बरंचसं, तीनशे अंशांहून जास्त त्याला एकाच वेळी दिसतं. कडेच्या तासावर पळणाऱ्या बैलाच्या एका डोळ्यात सगळा वेळ माणसांची भिंत असते. कुणी टोपी उडवली, कुणी आडवा हात केला, तर तो बुजून आत सरकतो आणि गाडी फॉल होते. कानही आपल्यापेक्षा तिखट. माणसाला ऐकू न येणारे बारीक सूर त्याला ऐकू येतात. त्यामुळे कडेला न बुजता पळणाऱ्या बैलाचं मोल वेगळं असतं. पोरांना एवढं सांगितलं की ती आपोआप शांत उभी राहतात. सांगून पाहा.

पाणी भरपूर घ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, उन्हं चढली की धूळ उठते म्हणून पोरांच्या तोंडाला रुमाल बांधा. आणि आयोजक मंडळींना कळकळीनं सांगायचं तर, बायकांसाठी आडोशाची सोय करा. एका मैदानात आईला आणि बायकोला त्यासाठी पाऊण किलोमीटर चालत वस्तीवर जावं लागलं. बक्षिसाला गाडी द्यायची ताकद असलेल्या गावाला चार पत्र्यांची खोली जड नाही. ती झाली तर मैदानाला येणाऱ्या बायका दुपटीनं वाढतील, हे मी खात्रीनं सांगतो.

आईला नेलं त्या दिवशी आम्ही मोजून एकवीस गट पाहिले. आई पहिले दोन गट काहीच बोलली नाही. तिसऱ्या गटाला तिनं माझं मनगट धरलं. सहाव्या गटापासून ती आधीच सांगू लागली, "चार नंबरचा उजवा बैल बघ, पाठ ताठ धरतोय, मागं पडणार." तो मागं पडला. नंतर आणखी दोनदा तिचा अंदाज खरा ठरला, तेव्हा पलीकडचे दोघे तरुण सरकून तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "आज्जी, आता कुणाचं?" साठ वर्षं दावणीला पाहिलेलं जनावर तिनं पहिल्यांदा पळताना पाहिलं होतं, आणि तिला ते सगळं आधीच ठाऊक होतं.

बाराच्या सुमाराला निघालो. टेम्पोंच्या रांगेजवळ सकाळचेच आबा भेटले. त्यांचा खोंड गटात तिसरा आला होता. त्यांनी त्याचे पाय पाण्यानं धुतले होते आणि आता कोरड्या फडक्यानं पुसत होते. लेकीनं विचारलं, "आबा, हा हरला?"

"पयलाच गट हुता त्याचा. म्हाणसं बघून बुजला जरा. पुढच्या अमावशेला आनतो परत."

आईनं पिशवीतून दशमी काढली आणि हात पुढे करायच्या आधी विचारलं. आबांनी मान हलवली. "न्हाई ताई, बाहेरचं काय देत न्हाई त्येला." मग त्यांनी कासरा थोडा सैल सोडला. आई खोंडाच्या अंगाशी गेली आणि त्याच्या गळ्याखालची पोळी बोटांनी खाजवू लागली, वरून खाली, सावकाश. खोंडानं मान लांब केली आणि डोळे मिटले.

"जनावर सांभाळलंय जनू तुमी," आबा म्हणाले.

"सोन्या होता आमचा," आई म्हणाली. "आटपाडीला. डाव्या खांद्याचा."